उरलेल्या कापडांची गोधडी : नऊघरी, लॉग कॅबिन आणि धावदोरा

रानजाई

शिवणातून उरलेले तुकडे, ब्लाउजपिसांच्या कडा, जुने सुती कुडते, पडद्यांची कातरण यांतून एका माणसाला पांघरायची गोधडी कशी बेतायची, त्यासाठी हा धागा. वरचा थर ब्लॉक (तुकडे शिवून केलेले सारख्या मापाचे चौकोन) जोडून, आतले आणि खालचा थर जुन्या सुती साड्यांचे, आणि शिवण हाताचा धावदोरा. तयार माप ६० × ८७ इंच धरते आहे. त्यात ९ इंचाचे ब्लॉक आडवे ६ आणि उभे ९ बसतात, म्हणजे ५४ × ८१, आणि चारही बाजूंनी ३ इंचाची पट्टी.

तुकडे आधी कापडाप्रमाणे वेगळे करा, रंगाप्रमाणे नंतर. पॉपलिन, केंब्रिक, रुबिया, सुती शर्टिंग हा एक ढीग. मलमल आणि व्हॉइल दुसरा. जाड खादी, डेनिम, पडद्याचं कापड तिसरा. टेरिकॉट आणि सिंथेटिक चौथा, आणि तो या गोधडीत नकोच. मलमलीशेजारी डेनिम आलं की धुताना ओल्या डेनिमचं सगळं वजन मलमलीच्या दोन-चार धाग्यांवर येतं आणि ती शिवणीलगत विरते. रंग चुकला तर गोधडी थोडी भडक दिसेल, पण कापड चुकलं तर ती टिकणारच नाही.

मग धुणं. नवं कापड गरम पाण्यात रात्रभर भिजवून, चोळून धुवा, म्हणजे खळ निघते आणि कापड आटायचं तेवढं आटतं. जुनी साडी आता आटत नाही. तिच्यावर कोरं कापड बसवलं तर पहिल्याच धुण्यात वरचा थर आक्रसतो आणि खालच्या थराला चुण्या पडतात. लाल, गडद निळा, काळा आणि हातछपाईचे तुकडे तपासून घ्या. ओला तुकडा पांढऱ्या मांजरपाटाच्या चिंधीवर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीवर रंग उमटला तर परत धुवा. तीनदा धुऊनही उमटत असेल तर तो तुकडा पिशवीला ठेवा. मिठाने किंवा व्हिनेगरने रंग पक्का होतो यावर विसंबू नका.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी नाइन पॅच घ्यावा, मी त्याला नऊघरी म्हणते. ३½ इंचाचे ९ चौकोन, पाव इंच शिवण, जोडून ९½ इंचाचा ब्लॉक, गोधडीत बसल्यावर ९ चा. एक नऊघरी, एक साधा चौकोन असे आलटून पालटून लावले तर २७ नऊघरी आणि २७ साधे लागतात. नऊघरीचे कोपरे आणि मधलं घर गडद ठेवा, बाकी चार फिकी. मग गडद चौकोन १३५, फिके १०८ आणि साधे ९½ इंचाचे २७. साध्या चौकोनांना सलग कापड लागलंच तर ४४ इंची पन्ह्यातून एका आडव्या पट्टीत ४ निघतात, म्हणजे पावणेदोन मीटर पुरतं.

दोनसूत

रानजाई, उत्तम सुरुवात. शिवणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गोधड्या इथेच वाकड्या होतात.

पाव इंच म्हणजे दोन सूत. शिवण अर्धा सूत जास्त आत गेली तर काय होतं बघा. प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचा अर्धा-अर्धा मिळून एक सूत जातो. नऊघरीच्या एका ओळीत दोन शिवणी, म्हणजे दोन सूत, म्हणजेच ९½ चा ब्लॉक ९¼ चा होतो. असे सहा ब्लॉक आडवे जोडले की रुंदी दीड इंच कमी. एखादाच ब्लॉक असा झाला तर तो शेजारच्याला जुळत नाही, मग तो ताणून बसवला जातो आणि तिथे कायमचा फुगवटा राहतो.

मशीनच्या दाबपट्टीची उजवी कड म्हणजे पाव इंच, असं धरून चालू नका. मोजा. १½ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शिवा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर १ इंच आणि सगळं मिळून ३½ इंच भरलं पाहिजे. कमी भरलं तर शिवण आत जाते आहे. इस्त्री करताना कापड शिवणीवर दुमडतं, त्या दुमडीतही धागा-दोन धागे खर्च होतात, म्हणून शिवण दोन सुताला किंचित कमी ठेवावी लागते. योग्य जागा सापडली की सुईच्या उजवीकडे प्लेटवर मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक चिकटवा. कापड त्या कडेला टेकवून सरकवलं की डोळ्याने मोजायची गरज उरत नाही.

टाका बारीक, इंचाला साधारण १२. सुई १४ नंबर. आणि उलट टाका मारून पक्कं करायची सवय इथे सोडा. पुढची शिवण त्यावरून जातेच, आणि दोऱ्याच्या गाठोळ्यामुळे कोपरे जाड होतात.

मोगरी

माझ्याकडे कटर आणि मॅट नाही, कात्रीनेच कापते आहे. पुठ्ठ्याचा ३½ चा साचा केला आहे. तरी चौकोन लहानमोठे येतात. आणि कोपरे जुळवताना मधली चौफुली कधीच एका रेषेत येत नाही. काय चुकत असेल?

दोनसूत

दोन वेगळ्या चुका आहेत.

पुठ्ठ्याची कड पेन्सिल घासून झिजते, तीस-चाळीस चौकोनांनंतर साचा लहान झालेला असतो. शिवाय रेघ साच्याच्या बाहेर पडते आणि तुम्ही रेघेच्या बाहेरून कापलं तर तेवढी जाडी चौकोनात वाढते. साचा जुन्या प्लास्टिक फाइलचा करा, रेघ टोकदार पेन्सिलीने आखा आणि रेघ कापून टाका, म्हणजे ती चौकोनावर उरता कामा नये. एका वेळी दोनच थर. चार थर घेतले की खालचं कापड कात्रीच्या पात्याने पुढे ढकललं जातं. साच्याची कड उभ्या धाग्याला समांतर ठेवा. तुकडा लहान आहे म्हणून तिरका बसवला तर तो चौकोन शिवताना लांबणारच.

चौफुलीचं उत्तर इस्त्रीत आहे. शिवण उघडून पसरू नका, एका बाजूला, गडद कापडाकडे पाडा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत गडद चौकोन कडांना आहेत, म्हणून शिवणी बाहेरच्या बाजूला पडतील. मधल्या ओळीत गडद मध्ये आहे, तिथे आत पडतील. आता ओळी एकमेकींवर ठेवल्या की दोन्ही शिवणींच्या घड्या समोरासमोर येतात. चिमटीत धरून हलकेच सरकवा. एका घडीला दुसरी अडते, तो अटकाव बोटाला स्पष्ट लागतो. तिथेच टाचणी, घडीच्या आधी एक, नंतर एक. टाचणीवरून मशीन चालवू नका, सुई जवळ आली की काढा.

रानजाई

यात एक भर. इस्त्री पुढेमागे ओढू नका. उचला, ठेवा, दाबा, उचला. ओढली की चौकोनाचा समांतरभुज होतो.

मलमल वापरायचीच असेल तर कापण्याआधी तांदळाच्या पातळ पेजेची खळ करून वाळत घाला आणि ओलसर असतानाच इस्त्री करा. मग ती पॉपलिनसारखी वागते.

आडवाधागा

खणाचे बरेच तुकडे आहेत, पर्स आणि टोपडी शिवून उरलेले. इरकलीचे काठही आहेत. घालता येतील?

रानजाई

आधी जाळून बघा. दोन-चार धागे उपसून चिमट्यात धरा आणि ज्योत लावा. सुताला कागद जळाल्याचा वास येतो आणि करडी, बोटाने पुसली जाणारी राख राहते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि काळा कडक मणी उरतो. रेशीम केस जळाल्यासारखं. बाजारात खण म्हणून मिळणारं बरंच कापड मिश्र किंवा पूर्ण कृत्रिम धाग्याचं असतं, तेव्हा ताण्याचे आणि बाण्याचे धागे वेगवेगळे तपासा.

खणाची अडचण अशी की कापलेल्या कडेचे धागे लगेच निसटतात, आणि पाव इंचाच्या शिवणीत निसटायला जागाच नसते. मागून पातळ चिकटतं अस्तर लावा, शिंपी ज्याला पेस्टिंग म्हणतात ते, आणि मगच चौकोन कापा. इस्त्री मध्यम, वर मलमलीचा फडका ठेवून. घासणाऱ्या जागी, म्हणजे डोक्याकडच्या आणि पायाकडच्या ओळीत, खण घालू नका. एखादाच चौकोन मधल्या घरात फार देखणा दिसतो.

इरकलीचा काठ सुटा काढून ३ इंची बाहेरच्या पट्टीला वापरा. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते, तिथे तिचा उपयोग होतो. तुकडे पाडून तो काठ वाया घालवू नये, असं मला मनापासून वाटतं.

पैलतीर

ज्यांच्याकडे चौकोन निघणार नाहीत अशा लांब, अरुंद पट्ट्याच उरल्यात, त्यांच्यासाठी लॉग कॅबिन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळलेला हा ब्लॉक. मधला चौकोन बहुतेक वेळा लाल, चुलीची खूण म्हणून. त्याच्याभोवती पट्ट्या, दोन लगतच्या बाजूंना फिक्या आणि उरलेल्या दोन बाजूंना गडद. कर्णातून ब्लॉक अर्धा उजेडात, अर्धा सावलीत दिसतो, आणि ब्लॉक नुसते फिरवून लावले तरी आख्ख्या गोधडीची नक्षी बदलते.

रानजाईच्या ९ इंचाच्या मापात हा नेमका बसतो. मधला चौकोन १½ इंच, सगळ्या पट्ट्या १½ इंच रुंद, चार फेऱ्या. लांबी अशी:

पहिली फेरी १½, २½, २½, ३½
दुसरी ३½, ४½, ४½, ५½
तिसरी ५½, ६½, ६½, ७½
चौथी ७½, ८½, ८½, ९½

प्रत्येक फेरीत पहिल्या दोन फिक्या, पुढच्या दोन गडद. एका ब्लॉकला ८८ इंच पट्टी लागते.

पट्ट्या आधी या लांबीत कापून ठेवा. लांब पट्टी शिवून मागाहून कापायची पद्धत सोपी वाटते, पण मशीन खालच्या कापडाला थोडं जास्त ओढतं, ब्लॉक पसरत जातो आणि चौथ्या फेरीला तो चौकोन न राहता बशीसारखा खोलगट होतो. नेमकी लांबी कापलेली असेल तर पट्टी कमी-जास्त पडताच लगेच कळतं.

तुकडे फारच वेगवेगळ्या जाडीचे असतील तर आधाराच्या कापडावर शिवा. जुन्या धोतराचा १०½ इंचाचा चौकोन, त्यावर दोन्ही कर्णांच्या घड्या. मधला तुकडा घड्यांच्या छेदावर ठेवायचा आणि पट्ट्या थेट त्या कापडावर शिवत बाहेर यायचं. ताण धोतराच्या कापडावर राहतो. अशा गोधडीला आत एक थर कमी चालतो. शेवटी ९½ वर छाटा.

मोगरी

फिका की गडद हेच ठरत नाही. मधले रंग खूप आहेत.

पैलतीर

सगळे तुकडे जमिनीवर पसरून मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा. मोरपंखी आणि मातकट तांबडा डोळ्याला निराळे दिसतात, पण फोटोत अगदी एकसारखे करडे येऊ शकतात. तसे आले तर ते एका ब्लॉकमध्ये समोरासमोर घेऊ नका. मधला रंग शेजारी पाहून फिका किंवा गडद ठरतो. काळ्याजवळ तो फिका, पांढऱ्याजवळ गडद.

आडवाधागा

त्रिकोणांचे ब्लॉक करून पाहिले, कडा लाटांसारख्या होतात.

दोनसूत

त्रिकोण कापून मग शिवलेत, म्हणून. तिरपी कड म्हणजे उरेब, ती हात लावला तरी ताणते. आधी शिवा, नंतर कापा.

३ इंचाच्या घरासाठी ४ इंचाचे दोन चौकोन घ्या, एक फिका, एक गडद, सुलट बाजू आत. कर्णरेघ आखा. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत सोडून शिवा. मग रेघेवर कापा. दोन जोडत्रिकोण मिळतात. इस्त्री करून, पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवून, ३½ वर छाटा. नेमकं माप खरं तर ३ इंच ७ सूत आहे, पण छाटायला जागा ठेवलेली बरी.

असे चार जोडत्रिकोण, ४ फिके चौकोन कोपऱ्यांना आणि १ गडद मध्ये, की फ्रेंडशिप स्टार तयार. चारही त्रिकोण भिंगरीसारखे एकाच दिशेने फिरले पाहिजेत. एक उलटा लागला तर तारा दिसतच नाही, आणि हे नेमकं ओळी जोडल्यावर लक्षात येतं. म्हणून नऊ घरं मांडून फोटो काढा आणि फोटोकडे बघत शिवा.

वाकळ

वरच्या थराचं झालं, आता आतलं. साड्यांचा हिशेब करूनच बसा.

साडीचा पन्हा ४५ इंच धरा. गोधडी ६० × ८७ आहे, तर साडीतून ६२ इंच लांबीचे तुकडे फाडा. असे दोन तुकडे काठाला काठ एक इंच चढवून ठेवले की ६२ × ८९ चा एक थर होतो. नऊवारीतून असे ५ तुकडे निघतात, साडेपाच मीटरच्या पाचवारीतून ३. म्हणजे दोन नऊवाऱ्यांत ५ थर, दोन पाचवाऱ्यांत ३ थर. ब्लॉकच्या गोधडीला खाली ३ थर पुष्कळ होतात. त्याहून जास्त घेतले तर शिवणींच्या जाडीतून सुई जात नाही. काठांचे जोड सगळ्या थरांत एकाच जागी येऊ देऊ नका. एका थराचा जोड मधोमध, दुसऱ्याचा डोक्याकडे, असं सरकवून घ्या, त्यासाठी एक तुकडा आडवा चिरावा लागेल.

साडी तपासायची ती दोन्ही अंगठ्यांनी ताणून. चर्र वाजली की तो भाग बाद. बसायच्या जागी आणि खालच्या काठालगत ती आधी विरते, पदराकडे सहसा घट्ट असते. पदराकडचा भाग सगळ्यात खाली ठेवा, झिजलेला मधल्या थरात.

अंथरताना जमिनीला खालचा थर चिकटपट्टीने लावा. ताणायचा नाही, फक्त सुरकुती जाईल इतकाच. ताणून लावला तर सोडल्यावर तो मूळ मापाला परत येतो आणि वरचे ब्लॉक गोळा होतात. मग बाकीचे थर, शेवटी ब्लॉकचा. मुठीमुठीच्या अंतरावर कच्चा टाका, आधी मधून उभा-आडवा अधिक (+), मग त्याला समांतर. धावदोराही असाच मधून बाहेर.

कौदी

एका मुद्द्यावर मला वेगळं म्हणायचं आहे. गोधडी कडेने सुरू करून चौकोनात फिरत आत जायची आपली पद्धत आहे. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडच्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, शिवतात तीही कोपऱ्यातून सुरू होऊन मध्यावर संपते. मग मधून बाहेर कशासाठी?

वाकळ

दोन्ही बरोबर आहेत, वरचा थर कसा आहे त्यावर ठरतं. कवंदीत तुकडे आधी जोडलेले नसतात. खालच्या साडीवर एक तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची, त्यावरून धावदोरा न्यायचा, पुढचा तुकडा मागच्यावर थोडा चढवून ठेवायचा. सैलपणा आला तर पुढच्या तुकड्याच्या दुमडीत तो मुरतो. अखंड साडीच्या वाकळेतही मऊ कापड थोडं सामावून घेतं.

ब्लॉकचा थर मात्र आधीच बांधलेला आहे, त्यात सैलपणा मुरायला जागा नाही. कडेने आत आलात तर प्रत्येक फेरी थोडंथोडं कापड पुढे सारते आणि मध्ये टोपीसारखा फुगा येतो. तसं झालंच तर आतल्या तीन-चार फेऱ्या उसवा, सैलपणा चारी दिशांना वाटा आणि परत टाचा. फुग्यावरून दाट शिवून तो दबत नाही, त्याच्या कायमच्या चुण्या होतात.

कौदी

पटलं. कवंदीच्या कोपऱ्यांची फुलं, म्हणजे घडी घालून लावलेले त्रिकोण, ब्लॉकच्या गोधडीलाही शोभतात. गोट, म्हणजे कडा झाकणारी दुमडीची पट्टी, लावण्याआधी कोपऱ्यात टाचून घ्यायची, म्हणजे कच्ची कड गोटात जाते.

धावदोरा

शिवणीबद्दल. सुती दोराच घ्या. पर्ल कॉटन ८ नंबर किंवा क्रोशाचा २० नंबरी. मेणाच्या वडीवरून एकदा ओढा, मग तो फुटत नाही. लांबी खांद्यापासून बोटापर्यंत, त्याहून जास्त नको. सुई भरतकामाची ५ किंवा ६ नंबर. दाभण नको, त्याची भोकं मलमलीत तशीच राहतात.

उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान. डावा हात गोधडीखाली. सुई जवळजवळ उभी टोचायची, खालच्या बोटाला टोक जेमतेम लागलं की त्याच बोटाने कापड वर उचलायचं आणि सुई आडवी करून टोक वर काढायचं. एका वेळी तीन टाके सुईवर, मग ओढायचं. टाका ५-६ मिलिमीटर, वर आणि खाली सारखाच. मागे टाके दिसत नसतील तर सुई तिरपी जाते आहे आणि खालचा थर मोकळाच राहतो आहे.

ओळींमधलं अंतर दीड इंच. ओळ शिवणीच्या घडीवर नाही, तिच्यापासून दोन सूत लांब. चौफुलीवर टोचू नका, सुई वळते. गाठ वरून आत ओढून थरांमध्ये लपवा. आडव्या ओळी घातल्या तर ८७ इंचात ५८ ओळी होतात, प्रत्येकी ६० इंच, म्हणजे ८८ मीटर शिवण. टाक्यांचा वळसा आणि टोकं धरून सव्वाशे मीटर दोरा आणा, आणि एकाच वेळी आणा. नंतर आणलेल्या दोऱ्याची छटा जुळत नाही.

मोगरी

बाहेरची पट्टी लावली, ती झालरीसारखी लहरते आहे. उसवू का?

दोनसूत

उसवाच. पट्टी कडेला ठेवून शिवत गेलात आणि शेवटी उरलेली कापलीत, असं दिसतं. कड हाताळून ताणलेली असते. वरच्या थराची उंची मधोमध मोजा, ८१½ असायला हवी. दोन्ही उभ्या पट्ट्या तेवढ्याच कापा, दोन्हीकडे पाव-पाव भाग खुणा करा, खुणेला खूण टाचा आणि जास्तीचं कापड खाली ठेवून शिवा, मशीन ते आपोआप ओढून घेतं. मग रुंदी मोजून आडव्या पट्ट्या, तशाच.

गोटाला २½ इंचाची पट्टी दुहेरी दुमडून. घेर २९४ इंच आहे, कोपरे धरून ३०६ लागतील, शिवाय तिरप्या जोडांत थोडं जातं, म्हणून ४४ च्या पन्ह्यातून ८ पट्ट्या. सरळ कडेला उभ्या धाग्याची पट्टी चालते, पण उरेब पट्टी जास्त टिकते, कारण घासणं एकाच धाग्यावर येत नाही. पट्ट्यांचे जोड तिरपे घाला.

आडवाधागा

धुवायची कशी? मशीनमध्ये टाकू का?

रानजाई

पहिल्यांदा टबात, गार पाण्यात, सौम्य साबणाने, पायाने दाबून. पिळू नका. टबातून एका कोपऱ्याला धरून उचलू नका, सगळं वजन त्या कोपऱ्याच्या टाक्यांवर येतं. दोन्ही हातांवर घडी घेऊन उचला, खाटेवर किंवा दोन दोऱ्यांवर आडवी पसरा, सावलीत. पेज लावलेले तुकडे असतील तर हे पहिलं धुणं पेटीत ठेवण्याआधीच करा. खळ राहिली की कसर लागते.